उत्तर नंबर चौदा

लिफ्ट चौथ्या आणि पाचव्या मजल्याच्या मधोमध अडकली तेव्हा ती आत एकटीच होती, आणि तिच्या हातात एक पोपटी रंगाचा चॉपिंग बोर्ड होता. आधी दिवा मिचमिचला, मग वर कुठेतरी खाडकन काहीतरी वाजलं… आणि मग सगळं चिडीचूप. तशी ती जन्माचीच भित्री. घरी सगळे तिला ससा म्हणायचे, आणि उगाच म्हणायचे नाहीत. तिला बंद जागांची भीती, साहेबलोकांची भीती, अवेळी वाजणाऱ्या बेलची भीती. पण सगळ्यात मोठी भीती कशाची, तर समोरच्या माणसाचा चेहरा पडण्याची. तो पडू नये म्हणून ती काहीही गोड बोलून मोकळी व्हायची.

तिनं बोर्डानंच दार बडवलं. पाच मिनिटं बडवल्यावर वरून आवाज आला.

"कुणी आहे का आत?"

"आहे."

"किती जण?"

"एक… एकटीच."

"घाबरलात?"

"छे."

"मग आवाज का थरथरतोय?"

"लिफ्ट थरथरतेय म्हणून."

"लिफ्ट बंद पडलीय हो. ती कशी थरथरेल?"

वर कुणीतरी हसलं. तिला राग आला, पण त्या रागापायी भीती जरा मागे सरली. मग त्या आवाजानं तिला खाली बसायला सांगितलं आणि समोरची पितळी पाटी मोठ्यानं वाचायला लावली.

"आठ माणसं. पाचशे चव्वेचाळीस किलो."

"तुमचं वजन किती?"

"ही काय विचारायची पद्धत झाली?"

"पाटीपेक्षा कमी आहे ना, एवढंच सांगा."

"बरंच कमी आहे."

"मग बसा निवांत. पाटीवर लिहिलंय म्हणजे पेलणारच. आमच्या कामात पाटी खोटं बोलत नाही… बोलली तर माणसं मरतील."

दार हातभर उघडलं. आधी ग्रीसनं माखलेला एक हात दिसला, मग एक उलटा चेहरा. तो पाचव्या मजल्याच्या फरशीवर पालथा पडून आत डोकावत होता. कानावर पेन्सिल, कपाळावर काळा डाग आणि डोळ्यांत नको तेवढं हसू. त्यानं आधी बोर्ड मागितला, मग तिचा हात. बाहेर आल्यावरही तिनं त्याची बाही सोडलीच नाही, आणि त्यानंही सोडवून घेतली नाही. बाहीवर ग्रीसची पाच बोटं उमटली आहेत हे दोघांनाही फार उशिरा दिसलं.

तर हा लिफ्टचा मेकॅनिक. लिफ्टचे दोर बदलायचे होते, त्यामुळे त्याचं काम पुढे तीन आठवडे चाललं. तेवढे दिवस सगळं ऑफिस जिन्यानं ये-जा करत होतं आणि कुरकुरत होतं. हिची मात्र कुरकुर नव्हती. उलट पायऱ्या जरा कमीच आहेत असं तिला वाटायला लागलं होतं. त्यानं तिचं नाव 'चौथा मजला' पाडलं.

"काय चौथा मजला, आज पण पायी?"

"लिफ्टचा भरवसा नाही."

"लिफ्टचा नाही, की लिफ्टवाल्याचा?"

"ते बघून ठरवीन."

"मग बघा की… कुणी अडवलंय?"

ती कान लाल करून वर पळायची आणि पुढचे तीन फोन चुकीच्या खात्याकडे वळवायची.

फोन घेणं हेच तिचं काम होतं. कंपनी घरगुती वस्तू बनवायची. साबण, हात धुवायचं द्रावण, मोजे, पायपुसणी, चॉपिंग बोर्ड, आणि सगळ्यांवर एकच हिरवा शिक्का, 'जंतुरोधक'. ग्राहक फोन करत, शंका विचारत. तिच्या टेबलावर उत्तरांची जाडजूड वही असे. शंका कुठलीही असो, उत्तर वहीतलंच द्यायचं, शब्द इकडचा तिकडे करायचा नाही; फोन रेकॉर्ड होतात, असं मोठ्या मॅडमनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. बोर्डाचं उत्तर होतं नंबर चौदा. ते तिला इतकं पाठ होतं की झोपेतून उठवलं असतं तरी तिनं घडाघडा म्हणून दाखवलं असतं.

आणि एके दिवशी नेमकं तेच त्यानं विचारलं. जिन्याच्या वळणावर चहाचं मशीन होतं, तिथे. त्याच्या आईला तीन महिन्यांपूर्वी दुसरी किडनी बसवली होती, त्याच्या मोठ्या बहिणीची. नवी किडनी शरीरानं नाकारू नये म्हणून आईची प्रतिकारशक्ती औषधांनी मुद्दाम कमी करून ठेवली होती. साध्या जंतूनंही घात होईल, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. स्वयंपाक तोच करायचा. हे सगळं सांगताना त्याच्या डोळ्यांतलं हसू पार मावळलं होतं, आणि हातातला कागदी कप त्यानं चेपून टाकला होता.

"तुमचा तो बोर्ड," तो म्हणाला, "तो खरंच जंतू मारतो?"

तिनं उत्तर नंबर चौदा म्हणून टाकलं. बोर्डात मुळातच जंतुरोधक घटक आहे, त्यामुळे आपलं कुटुंब चोवीस तास सुरक्षित राहतं, वापरानंतर ओल्या फडक्यानं पुसणं पुरेसं आहे.

"म्हणजे कोंबडी कापली आणि मग त्याच्यावरच काकडी चिरली, तरी?"

वहीत कोंबडीचं काही नव्हतं. तिला माहीतही नव्हतं. पण तो असा काही आशेनं बघत होता… त्या कपाळावरची आठी जावी म्हणून तिनं त्या घडीला काहीही दिलं असतं.

"पुसून घेतला की झालं," ती म्हणाली.

आठी गेली. दुसऱ्या दिवशी तिनं तिच्या वाट्याचा नमुन्याचा बोर्ड कागदात गुंडाळून त्याला दिला. त्यानं वेष्टनावरचं अक्षर न् अक्षर वाचलं, त्याची सवयच होती ती, चहाच्या मशीनवरची सूचनासुद्धा तो शेवटपर्यंत वाचायचा. मग बोर्ड छातीशी धरला आणि म्हणाला, "आता एक काळजी तरी गेली." ती दिवसभर हवेत होती.

दहा दिवसांनी, सोमवारी, एका आजोबांचा फोन आला. ते म्हणाले, चोवीस तास चोवीस तास म्हणता, पण हे मोजलं कसं तुम्ही? वहीत उत्तर नव्हतं. ती वर तपासणी विभागात गेली. तिथे एक बाई वर्षानुवर्षं काचेच्या बशांमध्ये जंतू वाढवून मोजायच्या. कुणी खालून काही विचारायला आलं की त्यांना बरं वाटायचं.

"अगं, जंतू सोडायचे, बोर्ड उबेत चोवीस तास झाकून ठेवायचा आणि मग मोजायचे," बाई म्हणाल्या. "तेव्हा कुठे कमी होतात. स्वयंपाकघरात चोवीस तास कोण थांबतं?"

"मग माणसाला… त्याचा उपयोग?"

"माणसाचा काय संबंध? प्लास्टिकनं वास धरू नये, डाग पडू नयेत, म्हणून घातलंय ते. बोर्ड टिकतो. खाणाऱ्याचं रक्षण बिक्षण काही होत नाही. गरम पाणी आणि साबण घेऊन घासायलाच हवा, आणि कच्च्या मांसाला वेगळा. मी दर कागदावर हे लिहिते. खाली तुमच्या वहीत पोचेपर्यंत ती ओळ गळून गेलेली असते."

ती उभी होती तिथेच खाली बसली. बाईंनी पाणी दिलं. दहा दिवस. दहा दिवस तो त्या बोर्डावर कापत होता आणि फडक्यानं पुसत होता, आणि ते खाणाऱ्या बाईच्या अंगात जंतूशी लढायचं त्राण नव्हतं. हे तिनं केलं होतं. वहीनं नाही, मॅडमनी नाही. कोंबडीचं वाक्य तर तिचं स्वतःचं होतं.

ती जिना धडधडत उतरली. सांगायचं, आत्ताच्या आत्ता सांगायचं. तो चहाच्या मशीनपाशी होता, आणि तिला बघून असा काही उजळला की तिचे शब्द ओठांवरच थिजले. आईनं काल पहिल्यांदा पोटभर जेवण केलं होतं. आई म्हणाली होती, त्या बोर्डवालीला रविवारी घरी घेऊन ये.

"मी म्हटलं, विचारून बघतो," तो म्हणाला. पेन्सिल कानावरून काढली, परत ठेवली. "येशील…? म्हणजे, याल का?"

"'येशील'च बरंय," ती म्हणाली.

"मग येशील?"

"येईन."

आणि ती वर निघून गेली. आता तुम्ही म्हणाल, काय ही बावळट, दोन वाक्यं तर बोलायची होती. बरोबर आहे तुमचं. पण ज्याला तुमचा चेहरा बघून आनंद होतो असा एकच माणूस जगात असेल, तर त्याच्याशी ती दोन वाक्यं बोलून बघा. मंगळवारी तिनं धीर करून फोन लावला, तोही कसा, तर अर्धा.

"तो बोर्ड… साबणानं धुवत जा हं. गरम पाण्यानं."

"का गं? काही झालंय का?"

"नाही, नाही. सहज."

"तूच म्हणालीस, पुसला तरी चालतो. घाबरट कुठली." तो हसला. मागे सुरी चालल्याचा आवाज येत होता, टक टक टक. तिनं फोन ठेवला आणि बाथरूममध्ये जाऊन रडली.

बुधवारी लिफ्टपाशी दुसराच मेकॅनिक होता. तिनं विचारायच्या आधीच त्यानं सांगितलं. रोजच्या मेकॅनिकच्या आईला पहाटे सडकून ताप भरला, दवाखान्यात हलवलंय.

मॅडमना न विचारता ती निघाली. आजवर तिनं असं कधी केलं नव्हतं. दवाखान्यापर्यंतच्या वाटेत तिनं शंभर वेळा मनात वाक्य जुळवलं आणि शंभर वेळा मोडलं. तिसऱ्या मजल्यावर काचेचं बंद दार होतं, दाराबाहेर हात धुवायचं लांबलचक बेसिन आणि एक बाक. बाकावर तो बसला होता. दाढी वाढलेली, डोळे तांबारलेले. तिला बघून उठला आणि तिचा हात घट्ट धरला. ते तिला सगळ्यात जड गेलं.

कशानं झालं तेच कळत नाही, तो सांगत होता. डॉक्टर छाती तपासतायत, लघवी तपासतायत, काही सापडत नाही. खाण्यातून काही गेलं का, असं त्यांनी विचारलं होतं. "मी म्हटलं, ते शक्यच नाही. आमचा बोर्डसुद्धा जंतुरोधक आहे. ते सोडून दुसरीकडे बघा."

तिचे दात वाजायला लागले. अगदी ऐकू येतील इतके.

"ते खोटं आहे," ती म्हणाली.

"काय खोटं आहे?"

"बोर्ड. तो जंतू मारत नाही. तुझ्या आईला त्याचा काही उपयोग नाही. मला माहीत नव्हतं तरी मी सांगितलं… पुसून घेतला की झालं, हे मी माझ्या मनानं सांगितलं. तू काळजीत होतास म्हणून."

"तुला कधी कळलं?"

इथे एक गोड उत्तर तयार होतं. आज सकाळी, असं म्हणता आलं असतं. कुणाला कळलं नसतं.

"सोमवारी," ती म्हणाली.

"सोमवारी. म्हणजे आपण रविवारचं बोललो तेव्हा… आणि मंगळवारी फोन केलास तेव्हा. मंगळवारी मी कोंबडीचं सूप करत होतो. आणि मग काकडी चिरली." त्यानं तिचा हात सोडला. ओरडला असता तर बरं झालं असतं. तो अगदी हळू बोलला. "जा तू."

ती गेली, पण घरी नाही. ती वॉर्डातल्या डॉक्टरीणबाईंकडे गेली. पांढऱ्या कोटाची तिला लहानपणापासून धडकी भरायची, तरी गेली, आणि सगळं पहिल्यापासून सांगितलं. बोर्ड, कोंबडी, काकडी, ओलं फडकं, दहा दिवस. डॉक्टरीणबाई लिहायच्या थांबल्या. हे कळलं ते बरं झालं, त्या म्हणाल्या, आम्ही भलतीकडेच शोधत होतो. त्यांनी लगेच रक्ताची वेगळी तपासणी सांगितली आणि औषध बदललं. उशीर झालाय का, एवढंच तिला विचारायचं होतं. तेवढी हिंमत तिला झाली नाही.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात एका बाईनं बोर्डाबद्दल विचारलं. तिनं वही मिटून ठेवली. "नाही मॅडम, त्यानं जंतूंपासून रक्षण होत नाही. गरम पाण्यानं, साबणानं धुवा. मांसाला वेगळा बोर्ड घ्या." दिवसभरात असे नऊ फोन झाले. संध्याकाळी मोठ्या मॅडमनी बोलावलं. तिनं तपासणी विभागातल्या बाईंचा मूळ कागद समोर ठेवला आणि सांगितलं की उत्तर नंबर चौदा ती आता वाचणार नाही. मॅडमनी तिला फोनवरून काढून गोदामातल्या नोंदींवर बसवलं आणि तो कागद ठेवून घेतला. त्याचं पुढे काय झालं, तिला कुणी सांगितलं नाही.

रोज चार वाजता ती दवाखान्यात जायची. काचेच्या दारापर्यंतच. आत पलंगावर एक बारकी बाई पडलेली असायची, आणि शेजारी त्याची पाठ. ती पाठ वळली नाही. ती अर्धा तास उभी राहायची आणि परत जायची. एकदा परिचारिका म्हणाली, ताप चढ-उतार करतोय, नवी किडनी तग धरते का ते दोन-तीन दिवसांत कळेल. त्या दिवशी ती चुकीच्या बसमध्ये बसली आणि शेवटच्या थांब्यापर्यंत तिला कळलं नाही.

पाचव्या दिवशी ती बाकावर टेकली होती तेव्हा दार ढकलून तो बाहेर आला. तिच्यासमोरून गेला, बेसिनपाशी उभा राहिला. नळ सोडला. मग शेजारचाही सोडला.

"आईनं बोलावलंय," तो पाठमोराच म्हणाला. "म्हणाली, ती दारातली मुलगी रोज उभी राहते, तिला आत आण. हात धुवून."

ती त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली. भिंतीवर सूचना होती, चाळीस सेकंद, साधा साबण, बोटांच्या बेचक्या, अंगठे, मनगट. परिचारिका दारातून सांगून गेली की धुतल्यावर कशालाही हात लावायचा नाही. दोघं साबण चोळत राहिले. पाणी वाहत होतं. त्याच्या नखांतलं ग्रीस निघत नव्हतं, आणि ते बघून तिला इतकं भरून आलं की तिला नळ धूसर दिसायला लागला.

"मला तुझा राग आलाय," तो म्हणाला.

"माहीत आहे."

"खूप आलाय. आणि तू रोज चारला येतेस तेव्हा… साडेतीनपासून माझं लक्ष दाराकडे असतं. पाठ करून बसतो आणि समोरच्या खिडकीच्या काचेत तुला बघत राहतो." त्यानं अंगठा घासला. "आता तू सांग, याचं मी काय करू?"

"मला पण तू हवा आहेस," ती म्हणाली. हे बोलताना तिला कसलीच भीती वाटली नाही, आणि त्याचंच तिला नवल वाटलं. "पण तू परत काहीतरी विचारशील आणि मी तुझा चेहरा बघून काहीतरी गोड सांगेन, याची मला फार भीती वाटते."

चाळीस सेकंद केव्हाच होऊन गेले होते. त्यानं कोपरानं दोन्ही नळ बंद केले. आता दोघांचे ओले हात हवेत होते, मनगटावरून पाणी कोपराकडे ओघळत होतं. तो तिच्याकडे वळला. पाच दिवसांत पहिल्यांदा तिला तो समोरून दिसत होता. गाल बसलेले, आणि कपाळावर तीच आठी, आधीपेक्षा खोल.

"मग सांग," तो म्हणाला. आवाज फाटला त्याचा. "आई वाचेल ना?"

तिला सगळं माहीत होतं. काय म्हटलं की ती आठी जाईल, तो कसा श्वास सोडेल, कसा हसेल. एकच शब्द लागत होता. तो तिच्या जिभेच्या टोकावर होता.

"मला माहीत नाही," ती म्हणाली.

त्याचा चेहरा पडला. तिच्या डोळ्यांदेखत पडला, आणि तिनं नजर हलवली नाही. त्याचा हात तिच्याकडे यायला निघाला, मग सूचना आठवून अर्ध्यावरच थांबला. मग त्यानं आपलं ओलं कोपर तिच्या कोपराला टेकवलं आणि ते तसंच राहू दिलं.

"आईनं पण हेच विचारलं मला," तो म्हणाला. "मी म्हटलं, एकदम ठणठणीत होशील. तिला खरं वाटलं नाही." त्यानं काचेचं दार पाठीनं ढकललं आणि तिच्यासाठी तसंच धरून ठेवलं. "तुला विचारील. तू चल."